शंभर टक्के यादी

"ही बैठक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आहे की बटाटेवड्यांच्या, एवढं मला कुणीतरी एकदा सांगा," मी म्हटलं.

कुणी सांगितलं नाही. दामलेकाकांचं तोंड भरलेलं होतं, प्रमिलाताई चटणी संपली का ते वाकून बघत होत्या आणि सोलकर सिस्टर खिडकीतून जेटीकडे तोंड करून बसल्या होत्या. मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी भाटकर तेवढे हसले. ते सगळ्यालाच हसायचे. हॉल त्यांचा, पंखा त्यांचा, वडे त्यांचे, मग हसायला काय जातंय?

सतरा वर्षं झाली याला. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, मुंबईच्या एका संस्थेनं रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाघवणे बंदरावर पाठवलेली समन्वयक. मंदाकिनी नांदगावकर, एम.एस.डब्ल्यू. माझं माहेर संगमेश्वराकडचं, म्हणजे मी काही परकी नव्हे. पण सहा वर्षं मुंबईत शिकून आले होते, आणि गावाकडच्या सगळ्यांना मूर्ख समजायचा परवाना सोबत घेऊन आले होते.

वाघवण्याच्या बोटींवर निम्मे खलाशी नेपाळी. काहींच्या बायका-पोरंही आलेली. बायका जेटीवर कोळंबी सोलायच्या, पोरं जाळ्यांच्या ढिगाऱ्यात झोपायची. या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्था बंदरावर इतक्या, की एकेका नेपाळ्याच्या वाट्याला अर्धा समाजसेवक यावा. आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. दामलेकाकांचा धर्मादाय ट्रस्ट घोंगड्या वाटायचा. एप्रिल महिन्यात, कोकणात, घोंगड्या! एका बाईला तीन मिळाल्या होत्या, ती त्या खाली घालून वर सुकट वाळवत होती. आणि तिच्याच शेजारणीच्या पोराला गोवराची लस मिळाली नव्हती, कारण ते पोर कुणाच्याच वहीत नव्हतं.

का नव्हतं? कारण वह्या कुणी कुणाला दाखवायचं नाही. ट्रस्टच्या अहवालात चारशे नेपाळी, प्रमिलाताईंच्या अंगणवाड्यांच्या अहवालात तीनशे दहा, सिस्टरांच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात अडीचशे. आणि मी जेटीवर फिरून एकेक डोकं मोजलं तर ती भरली दोनशे बारा. सगळ्यांनी एकाच माणसांना आपापलं म्हणून मोजलेलं. वह्या एकत्र केल्या तर सगळ्यांचं पितळ उघडं पडलं असतं, म्हणून सगळे वह्या पोटाशी धरून बसलेले. आणि त्याला नाव काय, तर गोपनीयता!

मी त्यांना तीन महिन्यांत सरळ केलं. गोड बोलून, दटावून, मुंबईहून पत्र आणवून. कॉम्प्युटरवर एकच यादी केली. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, मुलं, जन्मतारखा, सध्याचा पत्ता, कामाची जागा, आणि शेवटी 'माहिती कुणाकडून'. रकाना रिकामा राहिला की तो लाल व्हायचा, अशी करामतही करून ठेवली होती. त्या दिवशीच्या बैठकीपर्यंत सगळी यादी पांढरीशुभ्र झाली होती. लाल उरला होता एकच रकाना.

"सिस्टर," मी म्हटलं, "एकशे चाळीस नंबर. बिमला थापा, मुलगी रूपा, वय अडीच वर्षं. सगळं दिलंत, सध्याचा पत्ता दिला नाहीत."

"नाही दिला," खिडकीकडचं तोंड न वळवता सोलकर सिस्टर म्हणाल्या.

"राहिला का?"

"राहिला नाही. द्यायचा नाही म्हणून दिला नाही."

हुस्नाबी सोलकर ही बाई म्हणजे एक नमुना होता. बंदरावर तीस वर्षं नर्स. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. रजिस्टर फडक्यात बांधून आणायची, फडक्याला दोन गाठी. बोलायची अशी की समोरच्यावर उपकार करतेय. मला ती पहिल्या दिवसापासून डोक्यात जायची. आणि ती मला 'बाय' म्हणायची, चारचौघांत.

"सिस्टर," मी हसून म्हटलं, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं झालं की हो हे!"

भाटकर खो खो हसले. दामलेकाकांना हसताना ठसका लागला. प्रमिलाताईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होतेच.

सिस्टर आता वळल्या. "मी कुणाचं वाकून पाहिलंय ते सांग, बाय."

सांगण्यासारखं नव्हतंच. म्हण तेवढी छान बसली होती.

बैठक संपल्यावर त्यांनी मला उपकेंद्रात बोलावलं. दार लावून घेतलं, बाकावरची कापसाची पिशवी बाजूला केली आणि मला बसवलं.

"तुला शहाणपण शिकवत नाही मी," त्या म्हणाल्या. "पण भाटकर समोर होता, म्हणून तिथं बोलले नाही. बिमलाचा नवरा गगन भाटकराच्याच बोटीवर आहे. तिचा डावा हात त्यानं दोनदा मोडलाय. दुसऱ्यांदा फळी मीच बांधली. तिसऱ्यांदा हात मोडायला जायचा नाही तो, गळाच धरील. म्हणून काढली तिला इथून."

"मग पोलिसांत का नाही गेलात?"

"गेले ना. हवालदारानं काय केलं माहित्येय? गगनलाच निरोप धाडला, बायको इथं बसलीय, समजूत काढून घेऊन जा. मागच्या दारानं बाहेर काढली मी तिला. आता त्याचं एकच चाललंय. बाई गेली तर गेली, पोर माझी, पोरीला नेपाळात आईकडं नेऊन टाकतो. दारू प्यायला की जेटीवर ओरडत फिरतो. आणि ती म्हणते, पोर गेली तर मी जगत नाही."

"कुठंय ती?"

"तेच विचारू नको. रजिस्टरातसुद्धा लिहिलं नाही मी. इथं आहे." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

माझं टाळकंच फिरलं. "सिस्टर, तुम्हाला उद्या काही झालं तर? एकट्या तुमच्या डोक्यात ठेवून कसं चालेल? ही काय पद्धत झाली? तिचा पत्ता सगळ्या संस्थांना माहीत असेल, तर सगळे तिच्या पाठीशी उभे राहतील. म्हणून तर हा सगळा खटाटोप!"

"सगळे म्हणजे कोण गो?" सिस्टर म्हणाल्या. "दामले घोंगडी घेऊन उभा राहील?"

हसू मलाही आलं होतं, पण मी ते गिळलं. हसले असते तर हरले असते. "तुमच्यासारख्यांमुळेच ही माणसं कुणाच्या यादीत येत नाहीत," असं म्हणून मी उठले.

"नाही आली तर नाही आली," त्या म्हणाल्या. "यादीत नसल्यानं माणूस मरत नाही, बाय."

गोवराची लस न मिळालेल्या पोराचं नाव मी त्यांच्या तोंडावर फेकलं. ते पोर त्यांच्याच हद्दीतलं होतं. मी जिंकून बाहेर पडले.

खरं तर इथंच थांबायला हवं होतं. एक रकाना लाल राहिला असता तर काय आकाश कोसळणार होतं? पण पुढच्या सोमवारी मुंबईहून पाहुणे येणार होते. संस्थेचे संचालक, आणि त्यांच्याबरोबर पैसा देणारे दोघंजण. मी त्यांना कळवून बसले होते, शंभर टक्के माहिती गोळा झालीय म्हणून. दोनशे बारा नावं आणि एका नर्सबाईच्या आडमुठेपणापायी तो लाल डाग. मला रात्री झोप लागेना, इतका तो रकाना खुपत होता. बिमलाचा मोडलेला हात नव्हता खुपत. लाज वाटते सांगायला, पण नव्हता.

आणि गुरुवारी तो रकाना आपोआप माझ्या हातात आला.

प्रमिलाताईंकडं वीस गावांतल्या अंगणवाड्या होत्या. त्यांच्या महिन्याच्या याद्या मला आता न मागता मिळायच्या. त्यात करंबेळे म्हणून गाव, बंदरापासून बावीस किलोमीटर आत. तिथल्या सेविकेनं नवीन मूल लिहिलं होतं. रूपा, अडीच वर्षं, आई काजूच्या कारखान्यात कामाला. आडनाव नव्हतं, बापाचं नाव नव्हतं, पण जन्मतारीख होती, लसीच्या कार्डावरून उतरवलेली. मी सिस्टरांनी दिलेली तारीख काढून शेजारी ठेवली. दिवस, महिना, वर्ष, सगळं जुळलं.

काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन याद्या शेजारी ठेवल्या की तिसरी गोष्ट कळते, हेच तर मी तीन महिने या लोकांच्या डोक्यात भरवत होते. मी एकटीच ऑफिसात टाळी वाजवली. पत्त्याच्या रकान्यात टाईप केलं, 'करंबेळे, काजू कारखान्याची चाळ'. रकाना पांढरा झाला. त्या ओळीत 'माहिती कुणाकडून' याच्यापुढे आधीपासून 'उपकेंद्र, सोलकर सिस्टर' असं होतं. ते मी तसंच ठेवलं. मुद्दाम नाही ठेवलं. पण बदललंही नाही.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सिस्टरांनी दार लावून सांगितलं होतं. मी मनाची समजूत घातली, की याद्या काय, पाच जबाबदार माणसांकडं तर जाणार. फायलीत लागतील, कपाटात जातील. आणि समजा एखादी इकडं तिकडं गेली, तरी यादी मराठीत. त्या खलाशांना मराठी कुठलं वाचता येतंय! बोलतात तेच धेडगुजरी.

सोमवारी पाहुणे आले. कडक उन्हात टाय लावून आले होते मेले. यादी वरपासून खालपर्यंत बघितली, म्हणजे बघितल्यासारखं केलं, आणि संचालक म्हणाले, "मंदाकिनी, वन हंड्रेड पर्सेंट! हे आपण सगळ्या किनाऱ्यावर करायचं." भाटकरांनी त्या दिवशी वड्यांबरोबर सुरमईसुद्धा ठेवली होती. सिस्टर आल्या नव्हत्या, करंबेळ्याच्या पलीकडं लसीकरण होतं म्हणे. मला बरंच वाटलं.

मी पाच प्रती काढल्या. प्रत्येकीवर शिक्का मारला, 'सहयोगी संस्थांच्या माहितीसाठी'. एक दामलेकाकांना, एक प्रमिलाताईंना, एक भाटकरांना, एक माझ्याकडं. सिस्टरांची टपालानं धाडली.

दामलेकाकांच्या प्रतीचं काय झालं ते मला ठाऊक आहे, त्यात पुढं ट्रस्टच्या घोंगड्यांचे नमुने गुंडाळून आले होते. प्रमिलाताईंनी मात्र त्यांच्या प्रतीतली पानं फाडून ज्या त्या अंगणवाडीला वाटली. त्या शिस्तीच्या. आणि भाटकरांनी त्यांची प्रत सोसायटीच्या कारकुनाच्या टेबलावर टाकली.

सोसायटीची एक रीत होती. डिझेलच्या पंपाशेजारी मोठा काळा फळा होता, वर पत्र्याची पडवी. वादळाचा इशारा, बर्फाचा भाव, डिझेलचा कोटा, बोटींच्या तपासणीची तारीख, शिक्क्याचा कुठलाही कागद सोसायटीत आला की कारकून तो फळ्यावर लावायचा. वाचायचा नाही, लावायचा. एकदा वादळाचा कागद कपाटात राहून बोट बुडाली होती, तेव्हापासून तिथं हा नियमच होता. शिक्का दिसला की टाचणी. माझ्या यादीवर शिक्का होता. सगळी पानं ओळीनं लागली.

आणि ऐका, मी ती बघितली. बुधवारी जेटीवरून येताना मी स्वतः फळ्यापुढं उभी राहिले. एकशे चाळीस नंबर माझ्या डोळ्यांपुढं होता. टाचणी काढायला किती वेळ लागतो? पण मग कारकुनाशी बोलायला हवं, कारण सांगायला हवं, भाटकर विचारणार, त्यांना काय सांगायचं? आणि दोन कोळणी यादी बघून म्हणत होत्या, "बाईनं काम झ्याक केलंय हां." मला ते गोड लागलं. मी पुढं गेले.

वारा सुटला होता म्हणून गुरुवारी सगळ्या बोटी आत आल्या. खलाशी डिझेलच्या रांगेत फळ्यापुढं दोन दोन तास बसून. आणि नेपाळी लिहितात ती आपल्याच देवनागरीत! नेपाळी माणसांसाठी पगार घेणाऱ्या बाईला एवढं ठाऊक असायला हरकत नव्हती. एस.टी.च्या पाट्या, दुकानांची नावं, औषधाच्या चिठ्ठ्या ते रोज माझ्यासमोर वाचत होते. मी कधी बघितलं नाही. मी त्यांची फक्त डोकी मोजली होती.

शुक्रवारी दुपारी प्रमिलाताईंचा फोन आला.

"मॅडम, करंबेळ्याची सेविका रडतेय हो. एक माणूस आला, म्हणाला मी रूपाचा बाप. तिनं नाही दिली आधी. म्हणाली नाव सांग. त्यानं सांगितलं, गगन थापा. तिनं आपल्या यादीत बघितलं, बापाचं नाव तेच. म्हणून दिली. ती म्हणते, यादीत होतं ना?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, दोघं रिक्षानं गेले. आई कारखान्यात होती. तिला चार वाजता कळलं."

पुढचं मी आधीच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगून ठेवत नाही. पोर सापडली नाही. तो रत्नागिरीहून गाडीनं गेला, कुठल्या ते कळलं नाही. त्याचं नेपाळातलं गाव कुठलं हे बिमलालासुद्धा नीट ठाऊक नव्हतं, लग्न इकडंच झालेलं. वर्षभर पत्रं गेली, फोन झाले. रूपा आज असलीच तर एकोणीस-वीस वर्षांची असेल.

शनिवारी सकाळी मी उपकेंद्रात गेले. कशाला गेले कोण जाणे. गेले नसते तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझी जीभ अजून वळवळते.

बिमला बाकावर बसली होती. लहानखुरी बाई, फार तर बावीस वर्षांची. काजूच्या तेलानं बोटं काळी पडलेली, सालं निघालेली. ती रडत नव्हती. रडून संपलं होतं सगळं. सिस्टर तिच्यापुढं पाण्याचा पेला धरून उभ्या होत्या.

"पाणी पी, बाय."

बिमलानं पेल्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती सिस्टरांकडं बघत होती. "सिस्टर, एकटं तुमाला माहीत होतं," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "मी आईला नाय सांगितलं. बहिणीला नाय. एकटं तुमाला."

"मी कुणाला सांगितलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "कुराणाची शपथ घेऊन सांगते."

"फळ्यावर लिवलंय. माझा दीर वाचून आला. करंबेळे लिवलंय, आणि शेवटी लिवलंय सोलकर सिस्टर. तुमचं नाव लिवलंय!"

सिस्टरांनी पेला टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. टेबलावर टपालातून आलेला माझा लिफाफा पडला होता, फोडलेला. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. जन्मतारखा कुणी जुळवल्या असतील हे कळायला त्यांना एम.एस.डब्ल्यू. लागत नव्हतं.

त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण त्या नुसत्या बघत राहिल्या, पोर कधी बोलतंय म्हणून शाळेतली बाई वाट बघते तशा. बराच वेळ दिला त्यांनी मला. बाहेर कुणाचं तरी पोर सुई टोचल्यासारखं रडत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. 'बिमला, ते मी लिहिलं.' चार शब्द.

"हे... हे नक्की कसं झालं," मी म्हटलं, "याची सविस्तर चौकशी करावी लागेल."

सिस्टरांच्या तोंडून आवाज आला तो हसण्याचा होता की काय, मला सांगता यायचं नाही. "थू तुझ्या जिंदगीवर," त्या म्हणाल्या. हळू आवाजात, जसं औषध किती वेळा घ्यायचं ते सांगावं. मग बिमलाकडं वळल्या. "चल. आधी चौकीत जाऊ. वेळ गेला की पोर लांब जाईल. माझ्यावर मागून राग धर, आयुष्यभर धर, पण आत्ता चल माझ्याबरोबर."

बिमला उठली. सिस्टरांनी हात पुढं केला. तिनं तो झटकला, आणि दोन पावलं टाकून माझ्यापाशी आली. त्या काळ्या सालपटलेल्या बोटांनी माझा हात घट्ट धरला.

"मॅडम, तुमी चला," ती म्हणाली. "सिस्टर नको. तुमी चांगल्या."

आणि मी गेले.

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांना ओलांडूनच बाहेर पडावं लागलं. पुढं चौकशीत त्या एकदाच म्हणाल्या, मी सांगितलेलं नाही, आणि गप्प बसल्या. कागदावर त्यांचं नाव होतं, शिक्क्यासकट. मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, यादीतली माहिती ज्या त्या संस्थेनं पुरवलेली आहे. खोटं एक अक्षर बोलले नाही! सिस्टरांची दोन वर्षं उरली होती, ती त्यांनी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला डोंगरातल्या एका उपकेंद्रात काढली. बंदरावरच्या बायकांनी त्यांना निरोपाचा नारळसुद्धा दिला नाही. मला त्याच वर्षी बढती मिळाली. 'माहितीची देवाणघेवाण' या विषयावर मी आजही व्याख्यानं देते. लोक वह्या उघडून लिहून घेतात. त्या गाढवांना बिमलाची कीव येईल असं मी काही सांगत नाही.

त्या दिवशी चौकीत तोच हवालदार होता. त्यानं बिमलाला उभंच ठेवलं आणि मला खुर्ची दिली. बिमलानं माझा हात सोडला नव्हता, म्हणून मी बसले आणि ती माझ्याशेजारी वाकून उभी राहिली.

सगळं सांगून झालं. हवालदारानं जांभई दिली. "बाई, तुझा ठावठिकाणा त्याला कुणी कळवला? संशय कुणावर?"

बिमला म्हणाली, "सोलकर सिस्टर."

"पूर्ण नाव सांग."

तिला पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. तीस वर्षं त्या बाईला सगळं बंदर नुसतं सिस्टर म्हणत आलं होतं. बिमलानं माझ्या तोंडाकडं बघितलं. हवालदारानंही बघितलं.

"हुस्नाबी इब्राहिम सोलकर," मी म्हटलं.

"राहणार?"

तो पत्ताही मी सांगितला, घर नंबरासकट.